तार गेली, टीटी राहिली

बँकेच्या परकीय चलन विभागातील दरपत्रकावर 'टीटी बाइंग' आणि 'टीटी सेलिंग' असे दोन रकाने असतात. परदेशी माल पाठविणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांच्या तोंडी हा शब्द नेहमीचा आहे. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, तारेने पाठविलेला पैसा. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शब्द मात्र गल्ल्यावर बसून आहे.

खरे पाहता तारेतून पैसा कधीच गेला नाही, गेला तो निरोप. अमेरिकेतील वेस्टर्न युनियन या तार कंपनीने १८७१ साली ही सेवा सुरू केली. गिऱ्हाईक एका कचेरीत रोकड भरी. तेथला कारकून दुसऱ्या गावी सांकेतिक शब्दांत तार करी आणि तिकडचा कारकून ओळख पटवून आपल्या गल्ल्यातून रक्कम देई. दोन कचेऱ्यांचा हिशेब मागाहून मिटे. आपल्याकडच्या हुंडीची पेढी याहून वेगळे काय करीत होती? फरक इतकाच की हुंडीचा कागद माणसाबरोबर किंवा टपालाने जाई, तार थोड्या वेळात पोहोचे.

पुढे टेलिफोनने तारेचा धंदा खाल्ला. १९९० च्या दशकात मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, पण पैसे पाठविण्याचा विभाग शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. वेस्टर्न युनियनने शेवटची तार जानेवारी २००६ मध्ये पाठविली. आपल्या टपाल खात्यानेही २००१ मध्ये तिच्याशी करार केला. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या रत्नागिरी-रायगडातील घरांना अशा काउंटरची ओळख करून द्यायला नको.

आमचे म्हणणे असे की, निरोप पोहोचविणे आता जवळजवळ फुकट झाले असताना आपण मोजतो ते कशाचे, हे विचारले पाहिजे. पावतीवरील शुल्क सर्वांना दिसते, चलनाच्या भावातील कात्री दिसत नाही. समजा, रियालमागे पन्नास पैसे कमी धरले, तर दोन हजार रियालवर हजार रुपये गेले. शुल्क माफ केल्याची जाहिरात वाचून खूश होण्याआधी त्या दिवसाचा बाजारभाव पाहावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काही कारागीर बांधव परदेशी गिऱ्हाइकाकडून मालाचे पैसे याच काउंटरवर 'घरखर्च' म्हणून मागवितात. रिझर्व्ह बँकेची ही योजना कुटुंबाच्या खर्चासाठी व परदेशी पर्यटकांसाठी आहे, व्यापारासाठी नाही. एका वेळी २,५०० डॉलर, वर्षाला तीस वेळा, रोख ५०,००० रुपयांपर्यंत, अशी तिची मर्यादा आहे. या वाटेने आलेल्या पैशावर निर्यातीची रक्कम वसूल झाल्याचा बँकेचा दाखला मिळत नाही आणि माल पाठविल्याचा कागद उघडाच राहतो. हवाल्याबद्दल तर बोलायलाच नको. स्वस्त असला तरी १९९९ च्या फेमा कायद्याने तो बेकायदेशीर आहे आणि रक्कम बुडाल्यास हातात पावतीही नसते.

पण सगळा दोष कारागिराच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. दोनशे डॉलरच्या मालावर मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापून घेत असेल, तर तो काउंटरकडे वळणारच. छोट्या रकमांवरील हा खर्च बँकांनी कमी करावा, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर दोन-तीन ऑर्डरींचे पैसे शक्य तेथे एकाच टीटीने मागवावेत आणि मधल्या बँकांचा खर्च गिऱ्हाइकाने सोसावा, हे बिलावरच लिहून द्यावे.