यीस्टवरचे संशोधन वायफळ नाही



‘पाव फुगवणाऱ्या यीस्टवर माणसाच्या औषधांचा अभ्यास म्हणजे पैशांची उधळपट्टी’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. किडनी बदललेल्या रुग्णांना दिले जाणारे सिरोलिमस, म्हणजेच रापामायसिन, पेशीत नेमके कुठे काम करते, हे यीस्टनेच दाखवले. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलला हाइटमन, मोव्वा आणि हॉल या संशोधकांनी यीस्टला हे औषध दिले. वाढ थांबली, मोजक्या वसाहती मात्र औषधाला न जुमानता वाढल्या. त्यांतल्या काहींत औषधाला धरणारे प्रथिनच निकामी होते, तर काहींत टॉर ही तोवर अपरिचित जनुके बदललेली होती. औषध आधी त्या प्रथिनाला चिकटते आणि मग ही जोडी टॉरला अडवते. पुढे माणसातही हीच व्यवस्था सापडली. टॉर अडले की प्रतिकारक पेशींची फौज वाढत नाही आणि नवी किडनी टिकायला मदत होते.

यीस्टला आपल्यासारखी प्रतिकारशक्ती नसते, हा पत्रलेखकांचा मुद्दा खरा. पण पेशी वाढवणारी यंत्रणा दोघांत सारखी आहे, आणि यीस्टमध्ये गुंता कमी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) यीस्टचे वाण जपलेले आहेत. मंचर, घोडेगाव, जुन्नरच्या कॉलेजांनी ते मागवून मुलांना प्रयोग करू द्यावेत.

– एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)