जामीनदार आणावा कोठून?

कर्नाटकाच्या आळंद तालुक्यातील निंबर्ग्यासारख्या सीमावर्ती गावातील मुलास कलबुर्गीच्या वा सोलापूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की त्याची खरी परीक्षा बँकेच्या दारात सुरू होते. बाप कोरडवाहू तुरीवर जगणारा. जमिनीवर पीककर्जाचा बोजा. सोयरे-शेजारी त्याच दशेत. जामीन राहील असा पगारदार त्याने आणावा कोठून?

बँक संघाच्या आदर्श योजनेत चार लाखांपुढे साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताची हमी लागे. २०१५ च्या पतहमी निधीने ती अट दूर करून बुडीत रकमेचा ७५ टक्के भार पत्करला. २०२४ च्या विद्यालक्ष्मी योजनेने जामीनमुक्त कर्जाचे दार आणखी उघडले खरे, पण ते प्रारंभी निवडक ८६० संस्थांपुरतेच! नामांकित संस्थेतील विद्यार्थ्यास नोकरी तशीही लवकर लाभते. ज्याला आधार अधिक हवा, तोच उंबरठ्याबाहेर राहावा, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढले, तेव्हा गरीब मुलाकडे जामीनदार मागितला नाही. ‘कमवा व शिका’ म्हणून त्याचे श्रमच पुरेसे मानले. बँकांकडून तेवढ्या औदार्याची अपेक्षा आम्ही करीत नाही. साडेसात लाखांच्या आतील अर्जास जामीनदार मागणाऱ्या शाखाधिकाऱ्याने ती मागणी सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावी, नकाराचे कारणही लिहून द्यावे, आणि हे सारे शुल्काची मुदत टळण्यापूर्वी व्हावे, इतकेच आमचे मागणे आहे.