द्राक्षासवाची प्रतिष्ठा आणि मोहाची अप्रतिष्ठा

हल्लीं आमच्या अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांत एक नवी रसिकता मूळ धरूं लागली आहे. परदेशीं असलेला मुलगा वा जांवई सुटींत येतांना एखादी दुर्मिळ बाटली घेऊन येतो. व्हिएन्नाच्या दक्षिणेस गुम्पोल्ड्सकिर्शन या गांवाच्या आसपास 'रोटगिप्फ्लर' नांवाचें द्राक्ष पिकतें. कोंवळ्या शेंड्यांवरील तांबूस झांकेवरून त्यास हें नांव पडलें. त्याची लागवड जगांत फार थोडी. त्याची पांढरी वाइन पुढें आली, कीं पेला आधीं उजेडाकडे धरावा, मग हुंगावा, मग घोट जिभेवर घोळवावा, असा विधि यथासांग पार पडतो. या रसिकतेशीं आमचें भांडण नाहीं. एका लहानशा टापूनें आपलें द्राक्ष निष्ठेनें जतन केलें, ही गोष्ट आदरासच पात्र आहे. आमचें भांडण आहे तें या रसिकांच्या दुसऱ्या जिभेशीं!

हीच मंडळी चिखलदऱ्यास जातात. वसंतांत त्या डोंगरांत मोहाखालीं पहाटे फुलांचा सडा पडतो. कोरकू बायका-मुलें तीं फुलें टोपल्यांत वेंचतात, वाळवितात, खातात, विकतात. आणि कांहीं आंबवून त्यांची दारू गाळतात. तिचा उल्लेख निघतांच आमचे रसिक नाक मुरडून म्हणतात, "गांवठी!" ऑस्ट्रियांतील गांवची ती परंपरा, आणि आमच्याच जिल्ह्यांतील गांवची ती गांवठी! हा न्याय कोणता?

कोणी म्हणतील, वाइन नुसती आंबविलेली. मोहाची दारू भट्टींतून उतरते आणि अधिक तीव्र असते. मान्य. पण मग व्हिस्की आणि कोन्याक कोठून उतरतात? गोव्याची काजूफेणीही भट्टीचीच. तिला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेंच ना?

दुसरा आक्षेप विषबाधेचा. तो गंभीर आहे. परंतु भेसळ ही चोरट्या धंद्याची संतति आहे, मोहाच्या झाडाची नव्हे. खुद्द ऑस्ट्रियाच्या वाइनमध्यें डायएथिलीन ग्लायकोल मिसळल्याचें १९८५ सालीं उघडकीस आलें. त्या देशानें द्राक्षवेली उपटल्या नाहींत. कायदा कडक केला, तपासणी वाढविली. आमच्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें दारूबरोबर मोहाचें फूलही जखडलें. त्यावरील निर्बंध सैल होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. लगेच जानेवारी २०२२ मध्यें मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस संमति दिली, ती शेतकऱ्याच्या हिताचें कारण सांगून. तिला विरोधही तितकाच झाला. द्राक्षबागाईतदाराचें हित आम्हांसही प्रिय आहे. पण फूल वेंचणारीचें हित त्या हिशेबांत कोठें आहे?

दारूनें संसाराची राखरांगोळी होते, हें आम्ही विसरलों नाहीं. घरोघर भट्टी लागावी, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यांस दारूबंदी हवी, त्यांनीं ती रोटगिप्फ्लरपासून मोहापर्यंत सर्वांस सारखी लावावी. त्या भूमिकेपुढें आम्ही मान लववूं. परंतु ज्यांच्या दिवाणखान्यांत पेले किणकिणतात, त्यांस मेळघाटांतील भट्टीकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाहीं. शुद्धतेची कसोटी मोहास अवश्य लावा, करही घ्या, अतिरेकास शासनही करा. मात्र तराजू एकच असूं द्या. ज्यास दूरदेशींचें द्राक्ष त्याच्या नांवानिशीं ठाऊक आहे आणि आपल्या जिल्ह्यांतील झाडाविषयीं केवळ तिरस्कार ठाऊक आहे, त्याच्या अंगीं रसिकता नाहीं; आहे तें केवळ अनुकरण.