अण्णा, पोरगं उधळं नाही, हिशोबच बदललाय

आज पिकाची नोंद नाही, घरातली आहे. शेतकऱ्याच्या वहीत दोन्ही एकाच पानावर येतात.

२०२४ च्या दिवाळीत धाकटा भाऊ चाकणहून घरी आला. तिथं तो कंपनीत कंत्राटी कामाला आहे, हातात महिना १६ हजार पडतात. जेवताना म्हणाला, "अण्णा, माझ्या वाटणीचे तीन एकर विकावे म्हणतो." अण्णांनी ताट सारलं. "आम्ही घामाचं घेतलं, तुम्ही फुकाचं विकायला निघालात. मोबाईल, गाडी, हॉटेल... उधळी पिढी!"

पारावर गेलं की हेच ऐकू येतं. कृषी मेळाव्यात वेगळ्या शब्दांत तेच सांगतात, पोरांना कष्ट नकोत म्हणून. मला हे पटत नाही. का पटत नाही ते वहीतल्या आकड्यांनी सांगतो.

आजोबांचे आठ एकर. दोघा भावांत वाटणी झाली, अण्णांना चार आले. १९९६ ला त्यांनी शेजारचे दोन एकर घेतले, २८ हजार रुपये एकरानं. तीन हंगामांच्या तुरीची शिल्लक आणि आईच्या पाटल्या त्यात गेल्या. झाले सहा. आम्ही दोघं भाऊ, म्हणजे वाट्याला तीन-तीन. ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी खातं १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला १.३४ हेक्टर राहिलं. साडेदहा एकराचे सव्वातीन एकर झाले.

आता माझी २०२४-२५ ची वही. तीन एकर कोरडवाहू सोयाबीन, एकरी ७ क्विंटल, एकूण २१. भाव मिळाला ४,२०० रुपये, आले ८८,२००. मशागत, बियाणं, खत, दोन फवारण्या, खुरपणी, काढणी, मळणी मिळून एकरी १८ हजार, म्हणजे ५४ हजार गेले. राहिले ३४,२००. मागून हरभरा घेतला, त्यात खर्च जाऊन ३० हजार. वर्षाचे ६४,२००, महिन्याला पडले ५,३५०. यात माझी आणि बायकोची मजुरी धरलेलीच नाही.

आमच्या शिवारात आज एकर १३ लाखांना मागतात. अण्णांनी तीन हंगामांत दोन एकर घेतले. मला एक एकर घ्यायला वीस वर्षं लागतील, तीही न खाता, न आजारी पडता, लेकराची फी न भरता. आता सांगा, यात मोबाईल कुठं आला? मोबाईलचा हप्ता आणि रिचार्ज धरून महिन्याला सातशे जातात. सातशे वाचवून १३ लाख जमवायला दीडशे वर्षं लागतात.

भावाचं बघू. २०१३-१४ ला बाजारात सोयाबीन साडेतीन-चार हजारांच्या घरात होतं. २०२४ च्या दिवाळीला हमीभाव ४,८९२, आणि बाजारात त्याहून सात-आठशे कमी. २०१३ ला सोनं तोळा ३० हजारांच्या आसपास होतं, म्हणजे आठ क्विंटल सोयाबीन घातलं की तोळा यायचा. २०२४ च्या दिवाळीला १८ क्विंटलच्या पुढं लागत होतं. लग्नाला आलेल्या पोराच्या बापाला विचारा या आकड्याचा अर्थ.

आणि खर्चाची जातच बदलली. अण्णांच्या काळी बैल घरचे, बी घरचं, खत उकिरड्याचं, काढणीला इर्जिक. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पाटी-पेन्सिलीवर भागलं. आज नांगरटीपासून शाळेच्या गाडीपर्यंत सगळं रोखीनं. पीक वर्षातून दोनदा पैसे देतं, खर्च दर आठवड्याला दारात उभा.

अण्णांचे कष्ट मी खोटे ठरवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी सुकडी खाऊन दिवस काढले. आम्हाला तशी उपासमार माहीत नाही. नळ, वीज, दवाखाना, रस्ता त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त मिळालं. आमच्यातही डीजे लावून वरात काढणारे आणि हप्त्यावर बुलेट घेणारे आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही. पण त्यांच्या काळी कष्टाचा रुपया जमिनीत जाऊन बसायचा. आमचा रुपया वाटेतच संपतो.

कृषी सल्लागार मित्रांनो, तुमच्याशीही बोलायचंय. तुम्ही म्हणता उत्पादन वाढवा. वाढवतो. रुंद वरंबा सरी केली, बीजप्रक्रिया केली. एकरी दोन क्विंटल वाढले तरी तीन एकरांत सहा क्विंटल, म्हणजे २५ हजार. ते हवेतच. पण त्यानं महिन्याचे साडेपाच हजार साडेसात होतात, सोळा होत नाहीत. तुमचा तक्ता एकरावर संपतो, आमचा चुलीवर. यापुढं तक्त्यात एक रकाना वाढवा: या घराला महिन्याला किती उरतं?

राष्ट्रीय नमुना पाहणी हेच सांगते. २०१२-१३ ला देशातल्या शेतकरी कुटुंबाला पिकातून महिना ३,०८१ रुपये मिळायचे, मजुरी-पगारातून २,०७१. २०१८-१९ ला पिकातून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. म्हणजे शेतकऱ्याचं घर आता पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतं. माझा भाऊ चाकणला गेला तो कष्ट टाळायला नाही. या आकड्यांनी त्याला नेलं.

सरकारला मागणं एकच. हमीभाव जाहीर करता तसा तो पदरात पाडा. २०२४ ला आधी ओलाव्याची १२ टक्क्यांची अट आडवी आली. ती नोव्हेंबरात १५ वर गेली, तर बारदाना संपला. तोवर गरजवंतानं माल व्यापाऱ्याला घातला होता.

आणि अण्णा, तुम्हाला. पोराला उधळ्या म्हणण्याआधी एकदा वही मागा. मी त्या रात्री तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि काही न बोलता झोपायला गेलात. सकाळी भावाला एवढंच म्हणालात, "विकू नको. थोरला कसंल, तुझा वाटा तुला पोचवंल." जमीन तूर्त वाचली. पण तीन एकराच्या शिलकेतून दोन घरांना वाटा कसा काढायचा, ते गणित आता माझ्या वहीत आलंय.

मंडळी, तुमच्याही घरी वही काढा. बापलेकांनी मिळून बेरीज करा. भांडायचंच असेल तर बेरीज झाल्यावर भांडू, आणि एकमेकांशी नको.