झुंबर हजारोंचं, भरवसा गिट्टीचा!

वाकड, बाणेर, खराडी... नवा फ्लॅट घेतला की आधी फॉल्स सीलिंग, मग वास्तुशांत. करा की, हौसेला मोल नसतं. पण मंडळी, डोक्यावरचा दिवा नेमका कशाला टांगलाय, हे कधी विचारलंत?

जिप्सम बोर्ड जेमतेम साडेबारा मिलिमीटर जाडीचा. त्यात साधी गिट्टी ठोकली की जागीच फिरते, स्क्रू पकडच घेत नाही. छोटा स्पॉटलाइट स्प्रिंगवर बसतो, त्याचं ठीक आहे. पण तापकीर गल्लीतून हौसेनं आणलेलं पाच किलोचं झुंबर? त्याचं वजन थेट स्लॅबवरच गेलं पाहिजे. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, त्यातून खाली रॉड. तेही बोर्ड लागण्याआधी! (पंख्याचं तर बोलायलाच नको.)

घोळ इथंच आहे. पीओपीवाला म्हणतो, लाइटचं वायरमन बघेल. वायरमन म्हणतो, सीलिंग माझं नाही. इंटिरिअरवाले साहेब फोटो टाकण्यात दंग.

करारानुसार बिल्डरनं दिलेल्या कामात दोष निघाला, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षं तो फुकट दुरुस्त करून द्यायला बिल्डर बांधील आहे. तुम्ही स्वतः करून घेतलेल्या सीलिंगला हे कवच नाही. तिथं हातात फक्त कोटेशन. त्यात स्क्वेअर फुटाचा दर असतो, कोव्ह लाइट असतो, दिव्याच्या आधाराची एक ओळ नसते. ती लिहून घ्या, बोर्ड बंद व्हायच्या आधी फोटो काढा. तोवर शेवटचा हप्ता खिशातच ठेवा.