पिंपळे सौदागरला फ्लॅट बघण्याआधी...

कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं, पेढे वाटून झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पुण्यात राहणार कुठं?" उत्तरंही ठरलेली. वाकड, हिंजवडी, नाहीतर पिंपळे सौदागर. आपले कितीतरी सीनियर्स आज तिथं तिघा-चौघांत फ्लॅट घेऊन राहतात. पण मित्रांनो, शंभर वर्षांपूर्वी या पिंपळे सौदागरवर एक आख्खं पुस्तक लिहिलं गेलं होतं, आणि ते लिहिणारा माणूस मातीचा केमिस्ट होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्याचं नाव डॉ. हॅरॉल्ड मान. जन्म 1872, इंग्लंडमधल्या यॉर्क गावी. शिक्षण रसायनशास्त्राचं. 1900 साली चहाच्या मळ्यांचा शास्त्रज्ञ म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1907 मध्ये पुण्याच्या शेती कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. आपल्या दृष्टीनं गंमत अशी, की पुण्यात शेतीचा वर्ग 1879 साली सुरू झाला तो कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे ज्याला आपण पुढं सीओईपी म्हणून ओळखलं त्या इंजिनिअरिंग कॉलेजात! शेती आणि इंजिनिअरिंग एकाच छपराखाली होते. वेगळे झाले ते नंतर. माझं म्हणणं असं, की ते जरा जास्तच वेगळे झाले.

मान साहेबांनी पुण्यात काय केलं ते बघा. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. कालवा इंजिनिअरांनी बांधला आणि चांगला बांधला. पाणी शेतापर्यंत पोचलं, ऊस उभा राहिला, आणि पंचवीस वर्षांच्या आत काही जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवरचा अहवाल 1910 साली प्रसिद्ध केला. कारण तसं साधं आहे. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत राहतं, निचरा होत नाही, जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. मग केशाकर्षणानं पाणी पृष्ठभागाशी येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार तेवढे मागं राहतात. थोडक्यात, 'पाणी पोचलं का?' हा प्रश्न इंजिनिअरनं विचारला होता. 'आलेलं पाणी गेलं कुठं?' हा प्रश्न केमिस्टला विचारावा लागला.

पण हा केमिस्ट टेस्ट ट्यूबपाशी थांबला नाही. माती सुधारली तरी माणूस सुधारतो का, हे त्याला बघायचं होतं. म्हणून डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर अशा सहकाऱ्यांना घेऊन त्यानं पुण्याजवळचं एक साधं गाव निवडलं, पिंपळे सौदागर. माती तपासली, विहिरी पाहिल्या, आणि मग घरोघरचा जमाखर्च मांडला. पुस्तक 1917 साली निघालं. त्यातले आकडे आजही अंगावर येतात. 1771 मध्ये गावात सरासरी धारण 40 एकर होती, 1818 मध्ये साडेसतरा, आणि 1914-15 मध्ये फक्त 7 एकर! 81 टक्के धारणा दहा एकरांच्या आत. 103 कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर नीट भागत होतं ते 8 कुटुंबांचं. आणखी 28 कुटुंबं बाहेरच्या कमाईच्या जोरावर तगून होती. उरलेल्या 67 घरांचं बाहेरची कमाई धरूनही भागत नव्हतं. नंतर 1921 साली जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास आला. तिथली अवस्था याहून वाईट निघाली.

कुणी म्हणेल, "गोऱ्या साहेबाचं एवढं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे. तो सरकारी नोकर होता, आणि सरकार परकं होतं. पण त्याच सरकारच्या राज्यात रयतेचं भागत नाही, हे त्यानं आकड्यांनिशी छापलं. शिवाय हीच पद्धत त्यानं आधी स्वतःच्या देशातल्या रिजमाउंट नावाच्या खेड्याला लावली होती. म्हणजे 'बिचारे हिंदी लोक' असा भाव त्यात नव्हता. आणि हे आकडे कुणी वाचले माहीत आहे? तरुण भीमराव आंबेडकरांनी! 1918 सालच्या लहान धारणांवरच्या त्यांच्या लेखात मान यांच्या अभ्यासाचा उल्लेख आहे. नुसते तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर बसलेल्या जादा माणसांना काम द्यायला उद्योगधंदे हवेत, असं बाबासाहेबांनी मांडलं. आज पिंपळे सौदागरच्या टॉवर्सकडे बघितलं की वाटतं, एका गावापुरतं तरी ते उत्तर येऊन पोचलं. आपण तिथं राहायला जातो तेही त्याच उत्तराचा भाग म्हणून.

पण आपल्या मागं राहिलेल्या गावांचं काय?

माझं गाव शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चार नद्यांचं पाणी. पाण्याला तोटा नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. नदीकाठची कितीतरी रानं क्षारपड झाली. आमच्या चुलत्यांच्या रानात उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन वर्षं त्यांनी जिप्सम टाकलं. पैसे गेले, रान होतं तसंच! कारण जिप्समचा खरा उपयोग चोपण जमिनीला, जिथं मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. नुसती खारवट जमीन असेल तर क्षार धुऊन बाहेर काढावे लागतात, त्याला निचरा लागतो. विद्युत वाहकता 4 डेसिसायमनच्या वर गेली की जमीन खारवट, आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेला की चोपण. दोन आकडे! तेवढे आधी कुणी मोजून दिले असते तर दोन वर्षं वाचली असती.

आणि इथंच मला आपल्या कॉलेजबद्दल बोलायचंय. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका आल्या, त्यात सामू आणि वाहकता मिळते. पण रानाखाली पाणी किती फुटांवर आहे, चर कुठून काढायचा, सच्छिद्र पाईप किती खोल आणि किती उताराने टाकायचा, हे पत्रिका सांगत नाही. हे सगळं सिव्हिलचं काम आहे! भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप जमिनीत उभा पुरला की पाण्याची पातळी रोज मोजता येते. सेन्सर बसवणं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना जड नाही. नकाशा कॉम्प्युटरवाले करतील. मातीचं समजावून सांगायला याच शहरात 1963 पासून कृषी महाविद्यालय आहे. आपण मात्र फायनल इयरला तेच ते ट्रॅफिक सिग्नलचे नाहीतर विकत आणलेले प्रोजेक्ट करतो, ब्लॅक बुक बांधतो, व्हायवा देतो, मोकळे!

माझं मत सरळ आहे. दरवर्षी निदान एका ग्रुपनं एक गाव घ्यावं. आधी माती, मग विहिरी, मग घरांचा हिशेब. पुढच्या वर्षीच्या ग्रुपनं तेच गाव पुढं न्यावं. मार्क कमी पडतील ही भीती मला पटत नाही, कारण स्वतः मोजलेल्या आकड्यावर एक्स्टर्नल कितीही प्रश्न विचारू दे, उत्तर देता येतं. ज्या बंधाऱ्याला सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणतो, त्या जिल्ह्यात पाणी अडवायचं शिकवायची गरज नाही. साठलेलं पाणी बाहेर काढायचं मात्र आपल्याला शिकायला हवं.

मान साहेब 1927 साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, आणि वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत, 1956 पर्यंत, मातीवरच काम करत राहिले. 1961 साली वारले. आपल्याला एवढं काही करायचं नाही. नोकरी लागू दे, पुण्याला जरूर जा, फ्लॅटही बघा. फक्त जाण्याआधी आपल्या रानाखालचं पाणी किती फुटांवर आहे, तेवढं मोजून वहीत लिहून जा. मागं राहिलेल्यांना त्या आकड्याची गरज आहे.