एकास दहा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की तयार प्रतिकृतींचा बाजार तेजीत येतो. पैसे मोजावेत, खोका उघडावा, मुलाच्या नावाची चिठ्ठी डकवावी, झाला प्रकल्प! एका प्रदर्शनात परीक्षक असताना अशाच चकचकीत वस्तूला पहिले पारितोषिक मिळाल्याचे मी पाहिले. माझा विरोध टिकला नाही. मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानात माझा अधिकार तो काय? परंतु हा प्रश्न विज्ञानापुरता नाही, असे माझे ठाम मत आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘विक्रम’ चंद्रावर उतरले आणि त्यातून ‘प्रज्ञान’ रोव्हर बाहेर पडला. आपल्या वसतिगृहातील मुलांनी त्याचा देखावा करण्याचे ठरविले. प्रमाण घेतले एकास दहा. मूळ रोव्हर २६ किलोचा, सुमारे ९२ सेंटिमीटर लांब; म्हणजे प्रतिकृती नऊ सेंटिमीटरच्या आसपास. मुलांचे चेहरे उतरले. “सर, एवढासा कोण बघणार?”

तेव्हा मी त्यांना २७ ऑगस्टचा प्रसंग सांगितला. त्या दिवशी रोव्हरच्या पुढ्यात, तीन मीटरवर, चार मीटर व्यासाचा खड्डा आढळला. इस्रोने त्याला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा दिली. मुलांनी हिशेब मांडला: चाळीस सेंटिमीटरचा खड्डा, त्याच्या काठापासून तीस सेंटिमीटर अंतरावर तळहातावर मावणारे वाहन. देखावा उभा राहिला आणि त्या लहानपणाचा अर्थ सर्वांना कळला.

जमिनीसाठी चुलीची राख चाळून घेतली. चंद्रावर हवा नाही, म्हणून दिवसाही आकाश काळे आणि सावल्या गडद. त्या दक्षिणेकडील भागात सूर्य फार वर चढत नाही, म्हणून एकच दिवा, तोही कडेला, खाली. कोणी हौसेने अंतराळवीर उभा केला होता, तो काढावा लागला. जे घडले नाही ते दाखवायचे नाही, हा इतिहासाचा पहिला धडा मुले तिथे शिकली. सहा चाकांची रचना तर तारेची तिसरी चौकट मोडल्यावर उमगली: एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमिनीला टेकलेली राहिली पाहिजेत.

रोव्हरच्या चाकांवर राजमुद्रा कोरलेली होती. सारनाथच्या अशोकस्तंभावरचे तेच सिंह. एकास दहा प्रमाणात ते दिसेनात. एका मुलाने खोडरबरावर मोठे सिंह कोरून आणले. ठसा सुलट उमटण्यासाठी अक्षरे उलटी कोरावी लागतात, हे त्याला दुसऱ्या खोडरबराने शिकविले होते. तो ठसा चाकाला न लावता शेजारी ठेवला आणि खाली लिहिले, “प्रमाण वेगळे.” त्या दोन शब्दांतला प्रामाणिकपणा मला साऱ्या देखाव्याहून मोठा वाटतो.

ज्या समाजाच्या हातांनी दगड घडविले, चामडे कमावले, त्याच्या हातांतील मोजमापाला या देशाने ज्ञान मानले नाही. आणि ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना हात मळविणे कमीपणाचे वाटले. १९३६ साली बाबासाहेबांनी श्रमिकांच्या याच विभागणीवर बोट ठेवले. विकतची प्रतिकृती आपल्या मुलाचा हात पुन्हा त्याच्या बुद्धीपासून तोडते. रोज वंदनेच्या वेळी आपण ज्या प्रज्ञेचे स्मरण करतो, ती मोजण्यात, चुकण्यात आणि चूक मान्य करण्यात वाढते.

म्हणून पालकांना विनंती: खोका आणू नका, मुलाला वेळ द्या. माजी विद्यार्थ्यांना विनंती: संगणक द्याच, पण त्यासोबत कानस, करवत, शेगडा आणि एक भक्कम टेबलही द्या. आणि परीक्षकांनी पारितोषिक देण्यापूर्वी मुलाला एवढेच विचारावे, “बाळा, प्रमाण किती घेतलेस?”